शिरेत जाणारी सुई सुरक्षित करायची म्हणजे नेमकं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. यांत्रिकी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षातल्या एका गटाने मानेतल्या मोठ्या शिरेत घालायची सुई अधिक सुरक्षित करण्याचा प्रकल्प घेतलाय. त्यांची कल्पना: सुईच्या पोकळीत स्प्रिंगवर बसवलेली बोथट दांडी ठेवायची. टोक शिरेत शिरलं, समोरचा विरोध संपला, की दांडी पुढे सरकून टोक झाकेल. हे चालेल का, बेव्हल (सुईच्या टोकाचा तिरका काप) आखूड ठेवावा का, आणि डॉक्टर-नर्सच्या हाताला टोचू नये म्हणून कोणती यंत्रणा घ्यावी, असे तीन प्रश्न त्यांनी विचारलेत.

मी भूलतज्ज्ञ आहे. आयुष्याचा बराच भाग लोकांच्या शिरा शोधण्यात गेला, आणि गेली काही वर्षं सुया बनवणाऱ्या अभियंत्यांच्या टेबलावरही बसते. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकते: तुम्ही रेखाटलीय तशी यंत्रणा चालणार नाही. कल्पना वाईट आहे असं नाही, पण ती शिरेच्या जागी बसत नाही. का, ते सांगण्याआधी एक गोष्ट निकालात काढू. तुमच्या मांडणीत तीक्ष्ण टोक हा खलनायक आहे. माझ्या अनुभवात तो नाही.

बोथट सुईने शीर टोचून पाहिली आहे का? शिरेची भिंत मऊ, आतला दाब अगदी थोडा. सुई पुढे ढकलली की समोरची भिंत फाटत नाही, ती सुईबरोबर आत दबत जाते. दबता दबता मागच्या भिंतीला टेकते, आणि मग एका झटक्यात दोन्ही भिंती एकदम छेदल्या जातात. रक्त दिसतच नाही. सुई हळूहळू मागे घेताना अचानक सिरिंजमध्ये रक्त येतं आणि शिकाऊ डॉक्टर खूश होतो. खरं तर त्याने शीर आरपार टोचून परत येताना पकडलेली असते. मागे कॅरोटिड, म्हणजे मेंदूकडे रक्त नेणारी मानेतली मोठी धमनी असेल किंवा खाली फुफ्फुसाचं टोक असेल, तर त्या आरपार जाण्याची किंमत रुग्ण मोजतो. म्हणजे रुग्णासाठी टोक जितकं तीक्ष्ण तितकं बरं, आणि टोचणाऱ्याच्या बोटांसाठी तेच टोक तितकंच वाईट. फक्त या दोन गोष्टी एकाच वेळी घडत नाहीत. रुग्णाला तीक्ष्णपणा हवा असतो तो दोन-तीन सेकंद. त्यानंतर सुई कचऱ्याच्या डब्यात पडेपर्यंतचा प्रत्येक क्षण नुसत्या धोक्याचा असतो. म्हणून टोकाचं चित्र काढण्याआधी वेळेचं चित्र काढा: वेष्टन उघडल्यापासून डबा बंद होईपर्यंत, प्रत्येक पायरीला सुई कुठे आहे, कोणाच्या हातात आहे, आणि त्या माणसाचा दुसरा हात काय करतोय.

आता बेव्हलकडे. सुईची नळी सरळ तिरकी कापली की पहिला उतार मिळतो. मग टोकाच्या दोन्ही बाजूंना आणखी दोन छोटे उतार घासून काढतात, तेव्हा भाल्यासारखं टोक होतं. प्रयोगशाळेत पॉलियुरेथेनच्या पातळ पडद्यातून सुई ढकलून बलाचा आलेख काढा. त्यात एकच शिखर दिसणार नाही. टोक पडदा फोडतं तिथे एक, आणि बेव्हलची मागची कड, जिला टाच म्हणतात, ती भोकातून आत जाते तिथे दुसरं. वरून कॅन्युला, म्हणजे शिरेत ठेवायची प्लास्टिकची नळी असेल तर तिची कड शिरते तिथे तिसरं. नवे डिझायनर पहिल्या शिखरामागे लागतात. हाताला जो नकोसा झटका बसतो तो बहुतेकदा दुसऱ्या किंवा तिसऱ्या शिखराचा असतो: विरोध आला म्हणून माणूस जोर वाढवतो, विरोध अचानक संपतो, आणि सुई दोन मिलिमीटर जास्त आत जाते. टाच नीट गोलसर केली नसेल तर तीच कड त्वचेचा किंवा रबराचा बारीक तुकडाही कापून पोकळीत घेते. सिलिकॉनचा लेप चांगला असेल तर ही दोन्ही शिखरं बसतात. लेप सुकला किंवा सगळीकडे सारखा लागला नाही तर उत्तम घासलेली सुईही खडबडीत वाटते.

आखूड बेव्हल की लांब, याचं गणित घरच्या घरी करता येतं. गेज म्हणजे सुईच्या जाडीचं माप, आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक. १८ गेजच्या सुईचा बाहेरचा व्यास १.२७ मिमी. १२ अंशांच्या उताराला बेव्हलची लांबी साधारण ६ मिमी येते, १८ अंशांना ३.९ मिमी, ३० अंशांना २.२ मिमी. म्हणजे लांब बेव्हलच्या सुईत टोक शिरेत पोचतं आणि रक्त दिसतं तेव्हा टाच अजून ६ मिमी मागे, कदाचित शिरेच्या बाहेरच असते. अर्धा बेव्हल आत, अर्धा बाहेर. रक्त सिरिंजमध्ये येतं, गाइडवायर (सुईतून आत सारायची बारीक तार, जिच्यावरून नंतर नळी घालतात) मात्र भिंतीबाहेर सरकते किंवा भिंतीच्या थरांत शिरते. हे टाळायला सुई आणखी पुढे घ्यावी, तर टोक मागच्या भिंतीला लागतं. ४५ अंशांत टोचलं तर ६ मिमीच्या बेव्हलला खोली लागते सव्वाचार मिमी. मानेतली शीर आडव्या झोपलेल्या, पाणी पुरेसं असलेल्या माणसात रुंद असते, तिथे हे निभावतं. पण ज्याला मध्यवर्ती लाइनची, म्हणजे मोठ्या शिरेत ठेवायच्या नळीची, खरी गरज असते त्याच्या शरीरातलं पाणी बहुधा आटलेलं असतं, आणि त्याची शीर श्वासागणिक मिटत असते. आखूड बेव्हलमध्ये ही खोली कमी लागते, मात्र पहिलं शिखर उंचावतं आणि शीर जास्त दबते. माझं मत विचाराल तर मोठ्या शिरेसाठी मधला, १८ ते २० अंशांचा उतार आणि बाजूचे उतार अतिशय धारदार. हे मत आहे, नियम नाही. तुमच्या आलेखांनी ते खोटं ठरवलं तर मला आवडेलच.

हबवर, म्हणजे सिरिंज जोडायच्या मागच्या टोकावर, बेव्हलची दिशा दाखवणारी खूण नक्की ठेवा, आणि ती हातमोज्यातल्या बोटाला जाणवेल अशी ठेवा. सुई आत गेल्यावर बेव्हल कुठे वळलाय हे दुसऱ्या कशानेच कळत नाही, आणि गाइडवायरचं वाकडं टोक कुठे जाणार हे बऱ्याच अंशी त्यावरच ठरतं.

आता तुमची स्प्रिंग. ही कल्पना आधी होऊन गेलेली आहे, आणि यशस्वीही झालेली आहे. यानोश वेरेश या हंगेरियन डॉक्टरने क्षयाच्या रुग्णांच्या छातीत हवा भरण्यासाठी अशी सुई बनवली आणि १९३८ मध्ये तिच्यावर लेख लिहिला. बोथट आतली नळी, मागे स्प्रिंग. ऊतीतून जाताना नळी मागे दबते, पोकळी आली की पुढे येते. पुढे दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांमध्ये पोटात वायू भरायला हीच सुई रूढ झाली. तिथे ती का चालते? कारण भिंत घट्ट असते आणि पलीकडे मोकळी जागा असते, म्हणजे विरोधातला फरक मोठा. शिरेत दोन्ही अटी मोडतात. सुईला होणारा बहुतेक विरोध त्वचेचा आणि खालच्या ऊतींच्या घर्षणाचा असतो; शिरेच्या पातळ भिंतीचा वाटा त्यात किरकोळ. स्प्रिंग त्या किरकोळ फरकाला उत्तर देईल इतकी हलकी केलीत तर चरबीच्या थरातच दांडी पुढे येईल. जड केलीत तर शिरेची भिंत तिला दाबूच शकणार नाही आणि सुई शीर बाजूला ढकलत राहील. आणि जरी सगळं जुळलं, तरी दांडी पुढे आली आणि मागच्या भिंतीला टेकली की काय होईल? ती मागे सरकेल. टोक परत उघडं. जिथे टोक झाकायला हवं, नेमकं तिथेच.

दुसरी अडचण जागेची आहे आणि तिच्याशी वाद घालता येत नाही. प्रौढांच्या मध्यवर्ती लाइनची गाइडवायर सहसा ०.०३५ इंच, म्हणजे ०.८९ मिमी जाडीची असते. साध्या भिंतीच्या १८ गेज सुईची पोकळी ०.८४ मिमी. म्हणजे ही वायर तिच्यातून जातच नाही, म्हणून या कामाला पातळ भिंतीच्या सुया वापरतात. आता त्यात आणखी एक नळी बसवा. आतल्या नळीची पोकळी ०.९५ मिमी धरा, भिंत फक्त ०.०५ मिमी, दोन नळ्यांमध्ये प्रत्येक बाजूला ०.०२ मिमी फट आणि बाहेरची भिंत ०.१ मिमी. बेरीज १.२९ मिमी. १८ गेज ओलांडलंच, तेही इतक्या पातळ भिंतींनी, ज्या त्वचेतून जाताना वाकतील. त्या ०.०२ मिमीच्या फटीत रक्त गोठलं की नळी जागच्या जागी अडकणार, हे वेगळं. भरीव दांडी घेतलीत तर रक्तच दिसत नाही: प्रवाह पोकळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताने घटतो, आणि सिरिंजमध्ये रक्त उशिरा दिसलं की टोचणारा तेवढा वेळ सुई पुढेच ढकलत असतो.

तुमच्या मूळ हेतूला, म्हणजे टोकाने कमी इजा व्हावी याला, एक साधं आणि आधीच हाती असलेलं उत्तर आहे: सुई बारीक करा. २१ गेज सुई, व्यास ०.८२ मिमी, तिच्यातून ०.०१८ इंचाची वायर, मग तिच्यावरून छोटी नळी, आणि त्या नळीतून मोठी वायर. एक पायरी वाढते, वेळ वाढतो, बारीक सुई वाकते. पण चुकून धमनीत गेलीच तर काढून दाबून धरलं की बहुतेक वेळा भागतं. स्वेन-इव्हार सेल्डिंगरने १९५३ मध्ये सुई-वायर-नळी ही पद्धत मांडली ती धमन्यांच्या तपासणीसाठी. आज आपण ती जिथे तिथे वापरतो आणि विसरतो की तिचं मर्म नेमकं हेच आहे: भोक लहान पाडा, रुंद नंतर करा.

आणि इथेच मला वाटतं तुमचा प्रकल्प थोडा सरकायला हवा. मध्यवर्ती लाइनमध्ये मोठी इजा सुईने क्वचित होते. ती होते डायलेटरने, म्हणजे भोक रुंद करायला वायरवरून सारायच्या जाड नळीने. कॅरोटिडला सुई लागणं ही चूक आहे. कॅरोटिडमध्ये डायलेटर सारणं ही आपत्ती आहे. दोन्हींच्या मध्ये साधारण एक मिनिट असतं आणि त्या मिनिटात एकच प्रश्न सुटायला हवा: वायर नक्की शिरेतच आहे ना? रक्ताचा रंग पाहून सांगू नका. ऑक्सिजन कमी असलेल्या माणसाच्या धमनीतलं रक्तही काळपट असतं, आणि रक्तदाब कोसळलेला असेल तर ते उडतही नाही. विश्वासार्ह मार्ग दोन: अल्ट्रासाउंडवर वायर शिरेत पाहणं, किंवा सुईला निर्जंतुक नळी जोडून रक्ताचा स्तंभ किती चढतो ते पाहणं. दुसऱ्या मार्गाला दोन जोडण्या बदलाव्या लागतात, म्हणून लोक तो टाळतात. ही जोडणी सुईच्या हबमध्येच बसवता आली, म्हणजे सिरिंज न काढता दाब दिसला, तर तुम्ही स्प्रिंगपेक्षा कितीतरी जास्त माणसं वाचवाल.

सिरिंज काढण्याचा क्षण तसाही वाईट. सुई शिरेत, हब हवेला उघडं, टोचणाऱ्याचा एक हात वायर उचलायला गेलेला. रुग्णाने खोल श्वास घेतला की छातीतला दाब हवेच्या खाली जातो आणि हवा आत ओढली जाते. १४ गेजच्या सुईतून फक्त ५ सेंमी पाण्याच्या दाबफरकाने सेकंदाला सुमारे १०० मिली हवा जाऊ शकते. १८ गेजमधून बरीच कमी, पण शून्य नाही. म्हणून आपण रुग्णाचं डोकं खाली करतो आणि हबवर अंगठा ठेवतो. अंगठा हा सुरक्षा-यंत्रणेचा भाग असू नये. दट्ट्यातूनच वायर आत घालता येईल अशा पोकळ दट्ट्याच्या सिरिंजा आहेत; त्यांत सिरिंज काढायचीच नसते. हवाही जात नाही, रक्तही सांडत नाही, आणि सिरिंज उपटताना सुईचं टोक हलून शिरेबाहेर येतं तेही टळतं. नवा भाग जोडून आणलेल्या सुरक्षेपेक्षा एक पायरी काढून टाकून आलेली सुरक्षा मला नेहमी जास्त भरवशाची वाटते.

एक जुना धोका नव्या डिझाइनांतून पुन्हा डोकावतो, तो वायर कापली जाण्याचा. वायर सुईतून पुढे गेल्यावर ती मागे ओढली तर बेव्हलची आतली कड तिला तासते, तिचा तुकडा तुटून शिरेत राहू शकतो. एके काळी प्लास्टिकची नळी सुईच्या पोकळीतून आत सारत असत आणि त्या नळ्यांचे तुकडे असेच हृदयाकडे वाहून जात. नळी सुईच्या आत नव्हे तर बाहेर बसवायची, हे डेव्हिड मासा यांनी १९५० मध्ये मेयो क्लिनिकमध्ये करून दाखवलं, आणि आजची हातावरची प्रत्येक कॅन्युला त्याच घराण्यातली. तरी कॅन्युलात अर्धी मागे घेतलेली सुई पुन्हा पुढे ढकलणारे हात रोज दिसतात. आतल्या कडेला टाचेजवळ किंचित गोलाई द्या. त्याने बाहेरची धार कमी होत नाही.

अल्ट्रासाउंडबद्दल थोडक्यात. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २००२ मध्येच मानेच्या शिरेसाठी अल्ट्रासाउंडची शिफारस केली, आणि आता तो हाताशी असताना आंधळेपणाने टोचणं समर्थनीय नाही. पण गुळगुळीत पोलाद ध्वनिलहरी आरशासारख्या भलतीकडे परतवतं, आणि आडव्या छेदात सुईचा दांडा आणि टोक दोन्ही सारखेच पांढरे ठिपके दिसतात. दांड्याला टोक समजून सुई पुढे नेणारा माणूस स्वतःला अगदी सावध समजत असतो. म्हणून सगळ्या सुईवर खाचा कोरू नका. टोकाजवळचा पट्टा वेगळा दिसला पाहिजे, दांडा वेगळा. खाचा खोल झाल्या तर घर्षण वाढतं आणि वरचा सगळा आलेख बिघडतो.

आता हातांची बाजू. रक्ताळलेली सुई टोचली तर लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बीचा धोका ६ ते ३० टक्के, एचआयव्हीचा सुमारे ०.३ टक्के. हिपॅटायटिस सीचा जुना अंदाज १.८ टक्के होता. नंतरचे आकडे त्याहून बरेच खाली आहेत. हे सरासरीचे आकडे आहेत. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एचआयव्हीचा धोका वाढवणाऱ्या गोष्टींमध्ये खोल जखम, उपकरणावर दिसणारं रक्त आणि आधी शिरेत किंवा धमनीत गेलेली सुई या तिन्ही होत्या. म्हणजे आपण ज्या सुईबद्दल बोलतोय ती नेमकी वाईट गटातली: पोकळ, रक्ताने भरलेली, जाड.

मला स्वतःला जी सुई टोचली तिला सुरक्षा-कवच होतं. रात्रीची वेळ, रुग्ण तळमळत होता, मी सुई काढली आणि उजव्या हाताने जागा दाबून धरली. कवच पुढे सरकवायला दोन बोटं आणि एक आधार लागायचा. डाव्या हाताने ते जमेना, म्हणून सुई ट्रेच्या कडेला ठेवली. निर्जंतुक चादरीची घडी तिच्यावर पडली. दहा मिनिटांनी गाठ मारायला मी चादर उचलली आणि अंगठ्यात टोक घुसलं. पुढचे काही महिने तपासण्यांत गेले, निकाल ठीक आले. यंत्रणा होती, ती चालणारी होती, फक्त तिला वापरायला हात मोकळा नव्हता. त्यानंतर मी कुठलंही डिझाइन पाहताना पहिला प्रश्न हाच विचारते: दुसरा हात रक्त थांबवत असताना हे आपोआप होतं का?

आपोआप होणाऱ्या आणि मुद्दाम करायला लागणाऱ्या यंत्रणांमधला फरक एवढाच आहे, पण तो फार मोठा आहे. हातावरच्या कॅन्युलांमध्ये टोकावरची क्लिप हे आपोआप होणाऱ्या यंत्रणेचं सुंदर उदाहरण. पोलादाची छोटी क्लिप सुईच्या दांड्यावर सरकते. दांडा तिच्या भुजा फाकलेल्या ठेवतो. सुई मागे घेताना टोक क्लिपच्या आत आलं की भुजा मिटतात आणि टोक कोंडलं जातं. क्लिप पुढून निसटू नये म्हणून टोकाच्या जरा मागे दांड्याला चिमटून एक फुगवटा दिलेला असतो, आणि तो कॅन्युलाच्या पोकळीतून विनातक्रार जाईल इतकाच हवा. मिलिमीटरच्या शेकडाव्या भागाचा खेळ आहे हा. फुगवटा मोठा झाला की कॅन्युला सरकवताना अडकल्यासारखं वाटतं, लहान झाला की क्लिप सुटते. क्लिपच्या भुजा दांड्यावर ओरखडे काढतात की नाही, धातूचा चुरा पडतो की नाही, तेही सूक्ष्मदर्शकाखाली बघा.

तुमच्या सुईवर कॅन्युला नाही, तेव्हा ही क्लिप जशीच्या तशी बसणार नाही. तिथे वायरवरून सुई मागे ओढली जाते, आणि तो ओढण्याचा हावभावच यंत्रणेला चालना देऊ शकतो: हब मागे, कवच जागेवर. बटण दाबून सुई झटकन आत ओढणारी स्प्रिंग मात्र जपून. जोरात मागे जाणारी सुई रक्ताचे बारीक थेंब उडवते, आणि बटण चुकून आधीच दाबलं गेलं तर हातात आलेली शीर गेली. कवच बंद झाल्यावर ते पुन्हा उघडता येता कामा नये, आणि बंद झालंय हे कानाला किंवा बोटाला कळलं पाहिजे.

शिवाय लक्षात घ्या, मध्यवर्ती लाइनच्या ट्रेमध्ये तुमची सुई एकटी नसते. भूल द्यायची सुई, छोटं पातं, टाक्याची सुई, सगळी टोकं एकाच चादरीवर. ट्रेमध्ये टोकं खुपसून ठेवायला फोमचा ठोकळा आणि टाक्याऐवजी चिकटपट्टीची पकड, या दोन साध्या गोष्टी तुमच्या सुईइतकंच काम करतील. अमेरिकेत २००० साली झालेल्या सुई-सुरक्षा कायद्याने रुग्णालयांना उपकरण निवडताना प्रत्यक्ष ती हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांचं मत घ्यायला लावलं. युरोपीय संघाचा २०१० चा निर्देशही झाकण परत बसवण्यावर बंदी घालतो. तुम्ही मत विचारताना डॉक्टरवर थांबू नका. ट्रे उचलणाऱ्या आणि डबा बदलणाऱ्या माणसाला विचारा. त्याला सुई टोचते तेव्हा ती कोणाच्या रक्ताची होती हेही अनेकदा कळत नाही.

डायलिसिसच्या सुयांचा विषय मुद्दाम काढते, कारण तिथे सुरक्षेचा अर्थच बदलतो. १५ ते १७ गेजच्या दोन सुया चार तास हातात असतात आणि पंप मिनिटाला ३०० मिलीच्या आसपास रक्त फिरवतो. रक्त शरीरात परत नेणारी सुई निसटली तर पाच मिनिटांत दीड लिटर रक्त जमिनीवर. यंत्राची दाबाची घंटा वाजेल असं वाटतं, पण त्या नळीतला दाब मुख्यतः बारीक सुईच्या विरोधामुळे असतो. सुई बाहेर पडली तरी तो विरोध तसाच राहतो आणि दाब जेमतेम उतरतो. रुग्ण पांघरुणाखाली झोपलेला. इथे टोकाचं काही महत्त्व नाही. पंखांचा आकार, चिकटपट्टीची पकड, ओल ओळखणारा पट्टा यांना महत्त्व आहे. तिथेच बोथट सुयाही नियमित वापरतात: एकाच जागी, एकाच कोनात टोचून बोगदा तयार झाला की त्यातून बोथट सुई जाते. दुखतं कमी, पण त्या बोगद्यातून जंतू आत जाण्याचा धोका वाढतो. बोथट म्हणजे सुरक्षित, हे समीकरण तिथेही पूर्ण खरं नाही.

चाचण्यांबद्दल दोन-तीन गोष्टी. शंभर सुया तपासल्या, एकही कवच फसलं नाही, म्हणून खूश होऊ नका. शून्य बिघाडांवरून ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की खरं प्रमाण ३ टक्क्यांच्या वर नाही. पाचशे तपासल्या तर ०.६ टक्के. चाचणी ओल्या हातमोज्यांनी, डावखुऱ्यांकडून, आणि शक्य असेल तर रात्रपाळी संपवून आलेल्यांकडून करून घ्या. स्प्रिंग किंवा क्लिप वेष्टनात पाच वर्षं ताणलेली बसणार असेल तर प्लास्टिकची खाच हळूहळू ढिली पडते. ५५ अंशांवर ठेवून काळ आठपट वेगाने पळवता येतो असं गृहीत धरतात, म्हणजे पाच वर्षांची परीक्षा साडेसात महिन्यांत. पण प्लास्टिकचं सरकणं त्या हिशेबात चोख बसत नाही, म्हणून काही नग साध्या तापमानालाही ठेवून द्या. निर्जंतुकीकरण गॅमा किरणांनी करणार असाल तर साधं पॉलिप्रॉपिलीन ठिसूळ होतं आणि नेमकी खाचच तुटते. रंगांचं भान ठेवा: गुलाबी हब इंजेक्शनच्या सुयांमध्ये १८ गेज सांगतं आणि कॅन्युलांमध्ये २०. हा घोळ आधीच पुरेसा आहे, तुम्ही तिसरा अर्थ देऊ नका.

एवढं वाचूनही स्प्रिंगची दांडी सोडवत नसेल, तर ती शिरेच्या विरोधावर सोडू नका. रक्त दिसल्यावर टोचणाऱ्याच्या अंगठ्याने ती पुढे जावी आणि तिथेच कुलूपबंद व्हावी, मागे सरकूच नये. रक्त काढायच्या सुयांमध्ये आतून पुढे येणारी बोथट नळी अशीच वापरली गेली आहे. तिथे वायर घालायची नसते म्हणून जागा पुरते. तुम्ही २१ गेज आणि ०.०१८ इंचाची वायर घेतलीत तर कदाचित पुरेल. आणि पहिला नमुना हाती आला की बाकी काही मोजण्याआधी एकच करा: पुढे आलेली नळी ओल्या रबराच्या पडद्यावर तिरकी टेकवून जोराने दाबा आणि टोक बाहेर येतं का पाहा. पन्नासात एकदा जरी आलं, तरी तो नमुना परत लेथवर.